संयुक्त सत्तेचाळीस

पौषातल्या एका सोमवारी पोस्टमास्तर तार घेऊन घरी आले. माझा भाऊ वसंता मुंबईत वारला होता. त्याला कावीळ झाली होती. आई अंगणात कुड्याची साल वाळत घालत होती. तिने हात धुतले आणि ती पायरीवर बसली.

आमचं गाव विजयदुर्गच्या खाडीवर आहे. मुंबईची बोट रोज नसते. ती येईपर्यंत वसंताच्या मित्रांनी चंदनवाडीला सगळं उरकलं होतं, तेव्हा मी गेलो नाही. दिवसकार्य घरीच झालं आणि मग त्याचं सामान आणायला मी निघालो. मी गावच्या वाचनालयाचा ग्रंथपाल. मुंबईविषयी मी पुष्कळ वाचलं होतं, पण जाण्याचं कारण कधी घडलं नव्हतं. ते असं घडलं.

निघण्यापूर्वीच 'संयुक्त' या शब्दाबद्दल सांगून टाकतो, नाहीतर पुढचा प्रवास वाचणाऱ्याला कळायचा नाही.

वसंता सेंद्रिय रसायनशास्त्र शिकला होता आणि परळच्या एका प्रयोगशाळेत कुड्याच्या सालीवर काम करत होता. आमच्याकडे कोणाला आव झाली की आई कुड्याचं मूळ ताकात उगाळून देते. ते इतकं कडू असतं की दुखणं बरं वाटावं. लहानपणी वसंता ती वाटी हातात धरून विचारायचा, "आई, ह्यातलं नेमकं कोण काम करतं?" आई म्हणायची, "सगळं मिळून करतं. तू पी." तो प्यायचा, पण त्याचं समाधान व्हायचं नाही. पुढे तो परळला गेला तो ह्याच प्रश्नाचं उत्तर शोधायला, असं माझं मत आहे.

गेल्या पावसाळ्यानंतर बोटी सुरू झाल्या तेव्हा आमच्या गावचा भिकाजी खलाशी धक्क्यावरून तडक वाचनालयात आला आणि म्हणाला, "वसंतान निरोप दिल्यान हा. आईक सांग, संयुक्त झाला."

त्या वेळी वाचनालयात मी, पोस्टमास्तर आणि शाळेचे हेडमास्तर होतो. पोस्टमास्तर खुर्चीवरून उठले आणि त्यांनी टोपी काढून पुन्हा घातली. हेडमास्तरांनी शाळा सोडली. मुलांनी लेझमा काढल्या. वाण्याने पेढे केले आणि ते खाडीपलीकडच्या गावांनाही होडीने पाठवले. पुढच्या बोटीने वर्तमानपत्रं येईपर्यंत आमच्या गावापुरता संयुक्त महाराष्ट्र होता.

वर्तमानपत्रांत तसलं काही नव्हतं. मग वसंताचा खुलासा आला. दोन किंवा अधिक मूलद्रव्यं जोडून जो नवा पदार्थ बनतो त्याला रसायनशास्त्रात संयुक्त म्हणतात, आणि त्याने असं एक संयुक्त तयार केलं होतं. गाव म्हणालं, मग तसं स्पष्ट सांगायचं. पोस्टमास्तर माझ्याशी महिनाभर बोलले नाहीत. निरोप वसंताचा, तो आणला भिकाजीने, पण वाचनालय माझं.

आई एकटीच त्या दिवशी पेढा न खाता राहिली होती. "त्याने 'आईला सांग' म्हटलं होतं ना?" ती म्हणाली. "महाराष्ट्र झाला असता तर तो मलाच कशाला सांगेल? सगळ्यांना नसतं सांगितलं?"

मी मुंबईला निघालो तेव्हा तिने एवढंच सांगितलं, "कपडे आणलेस, न आणलेस, काही नाही. त्याचं ते संयुक्त बघून ये. औषध झालं का विचार. आणि त्यातलं थोडं मला आण."

मी हो म्हटलं. आईला मी कधी नाही म्हटलेलं नाही आणि त्या दिवशी तर शक्यच नव्हतं.

फणसवाडी

भाऊच्या धक्क्यावर सातोस्कर उतरवून घ्यायला आला होता. हा वसंताचा खोलीतला जोडीदार, कुठल्याशा कचेरीत कारकून. मुंबईत प्रत्येकाला दोन नोकऱ्या असतात असं मी वाचलं होतं. सातोस्करची दुसरी नोकरी संयुक्त महाराष्ट्राची होती. कचेरी सुटली की तो सभेला जाई आणि सभा सुटली की चाळीतल्यांना सभा सांगे. त्याचा घसा बसलेला होता. त्याने माझ्या हातातली वळकटी घेतली आणि घोगऱ्या आवाजात म्हणाला, "अण्णा, वसंता नाही तर खोलीत बोलायला कोणी नाही हो. म्हणजे बोलतो मीच, पण ऐकायला."

आमच्याकडे समाचाराला माणसं येतात ती येऊन गप्प बसतात. जितका वेळ गप्प तितकं दुःख जास्त, असा हिशेब असतो. फणसवाडीतल्या त्यांच्या चाळीत पाण्याचा नळ ठरावीक वेळीच येतो, त्यामुळे लोक समाचाराला दारातच उभे राहतात. "फार वाईट झालं," म्हणतात, खालून "पाणी आलं!" अशी हाक येते आणि दुःख कळशी घेऊन जिना उतरतं. मला ते गैर वाटलं नाही. रडून झाल्यावर पाणी लागतंच.

फक्त एक गृहस्थ नळ येऊनही हलले नाहीत. पहिल्या मजल्यावरचे बापूसाहेब. सत्तरीचे असावेत. कोट, टोपी, हातात छत्री. वर एक मजला चढून यायला छत्री कशाला, ते मला कळलं नाही. ते खाटेच्या कडेवर बसले, दाराकडे एकदा पाहून घेतलं आणि म्हणाले,

"आपले बंधू सेंद्रिय रसायन करीत असत, असं ऐकतो."

"हो."

"रसायन म्हणजे शक्तीचं?"

"नाही, कुड्याच्या सालीपासून…"

"सालीचंच असतं हो ते. आमचे वैद्यही सालच देत. पण 'सेंद्रिय' म्हणजे…" त्यांनी आवाज खाली आणला. "इंद्रियांसहित?"

ग्रंथपालाला शब्दाचा अर्थ विचारला की तो थांबत नाही. मी त्यांना सांगितलं की पूर्वी विद्वानांची अशी समजूत होती, काही पदार्थ फक्त सजीवांच्याच शरीरात, म्हणजे ज्यांना इंद्रियं आहेत त्यांच्यातच तयार होतात. झाडाची साल, दूध, मूत्र यांत असणारे पदार्थ. म्हणून ते सेंद्रिय. मग एका माणसाने त्यातलाच एक पदार्थ साध्या काचेच्या भांड्यात करून दाखवला, आणि कोणत्याही जिवाच्या मदतीशिवाय हे जमतं असं कळलं. तेव्हापासून सालीतलं औषध माणसाला स्वतः करून पाहता येऊ लागलं, त्यात फेरफारही करता येऊ लागले. नाव मात्र तेच राहिलं.

बापूसाहेबांनी सगळं लक्षपूर्वक ऐकलं. "म्हणजे आता त्याचा इंद्रियांशी काही संबंध उरला नाही?"

"नाही."

"अरेरे," ते म्हणाले. समाचाराला आलेल्या कोणाच्याही तोंडून इतका मनापासूनचा शब्द मी त्या दिवशी ऐकला नव्हता. जाताना दारात थांबून म्हणाले, "तरी एखादी बाटली सामानात सापडली तर ठेवा. मला नको. एका मित्रासाठी विचारत होतो."

संध्याकाळी सातोस्कर मला ठाकुरद्वारच्या बाजूला एका हॉटेलात घेऊन गेला. वसंता तिथे पुरीभाजी खायचा. सातोस्करने गल्ल्यावरच्या मालकांना माझी ओळख करून दिली, ती अशी: "काका, हे आपल्या संयुक्तवाल्या वसंताचे मोठे भाऊ. वसंता गेला."

मालक उभे राहिले. शेजारच्या दोन-तीन टेबलांवरच्या लोकांनी कप खाली ठेवले.

"कुठे लागली?" मालकांनी हळू आवाजात विचारलं.

"काय?"

"गोळी."

"कावीळ झाली होती," मी म्हटलं.

ते जरा अडखळले. "तुरुंगात?"

"नाही. फणसवाडीत."

"पण संयुक्तासाठीच ना?"

मी सातोस्करकडे पाहिलं. तो पुरी मोडत होता. मला विचार करावा लागला. वसंताने चांगली नोकरी सोडली होती, लग्न लांबवलं होतं, सुट्टीत घरी येणं कमी केलं होतं. मी म्हटलं, "हो. संयुक्तासाठीच." आणि मग, खरं ते पुरतं सांगावं म्हणून, कुड्याची साल, आव आणि प्रयोगशाळा हेही सांगितलं.

सगळं ऐकून मालक परत बसले. लोकांनी कप उचलले. पण मालकांनी माझ्या ताटलीत न मागता आणखी एक पुरी पाठवली आणि गल्ल्यावरून म्हणाले, "ते आवेचं संयुक्त तरी लवकर होईल ना हो? ह्या दुसऱ्याचं काही खरं दिसत नाही."

परळ

दुसऱ्या दिवशी ट्रामने परळला गेलो. भायखळ्याला बाजाराजवळ ट्राम थांबली तेव्हा आत कोथिंबिरीचा वास शिरला, आणि त्यापुढे लालबागपर्यंत सुताचा आणि धुराचा. गावाकडे वासावरून ऋतू कळतो, मुंबईत थांबा कळतो.

प्रयोगशाळा एका जुन्या दगडी इमारतीच्या मागच्या अंगाला होती. दारातच पोतं ठेवलेलं दिसलं आणि मी उभा राहिलो. आमच्या अंगणातलं पोतं. कुड्याच्या सालीचं. त्याला आईने घातलेली सुतळीची गाठ अजून तशीच होती.

"अण्णा ना तुम्ही?"

पांढऱ्या एप्रनमधली एक मुलगी पुढे आली. तिशीच्या अलीकडची असावी. कुसुम विजयकर. वसंताबरोबर काम करणारी. गिरगावातल्या जुन्या प्रभू घराण्यातली, हे तिनेच नंतर सांगितलं. मला घरात अण्णा म्हणतात हे तिला कसं ठाऊक, असं मी विचारणार होतो, पण तिने पुढचंच विचारलं, "आई ताकातच उगाळतात ना अजून? का पाण्यात?"

"ताकात."

"तेच मी म्हणत होते. वसंतरावांशी माझी पैज होती."

तिने मला वसंताचं टेबल दाखवलं. गोल बुडाच्या काचेच्या बाटल्या, काचेच्या नळीत बसवलेली दुसरी नळी, तिच्यातून सारखं वाहणारं पाणी. नळाच्या वेळा पाळणाऱ्या चाळीतून आल्यावर ते वाहतं पाणी पाहून माझाच जीव वर-खाली झाला. भिंतीवरच्या फळीवर छोट्या बाटल्या ओळीने उभ्या होत्या आणि प्रत्येकीवर वसंताच्या अक्षरात देवनागरीत लेबल होतं: संयुक्त १, संयुक्त २, संयुक्त ३.

"डॉक्टरांना इंग्रजी हवं होतं," कुसुमताई म्हणाल्या. डॉक्टर म्हणजे तिथले प्रमुख. "वसंतराव म्हणाले, साल मराठी आहे."

मी आईचा प्रश्न विचारला. औषध झालं का?

त्यांनी खडू घेतला आणि फळ्यावर एकाला एक चिकटलेल्या चार कड्या काढल्या.

"हे वसंतराव मला जसं सांगत तसंच सांगते. सालीत शेकडो पदार्थ असतात. आवेच्या जंतूंना मारणारा त्यातला एखादाच. पोतंभर सालीतून तो चमचाभर निघतो. आता त्याची बांधणी बघायची. ही चाळ समजा. चार खोल्या, भिंतीला भिंत लागून. खोल्यांना हात लावायचा नाही. पण कोपऱ्यावरच्या खोलीत जो बिऱ्हाडकरू आहे ना, त्याच्यावर सगळं अवलंबून. तो जंतू मारतो हे खरं, पण माणसालाही त्रास देतो. मग त्याला काढायचं आणि दुसरा ठेवायचा. चाळ तीच, बिऱ्हाडकरू नवा. झालं नवीन संयुक्त. मग बघायचं, जंतू मरतात का, त्रास कमी झाला का. नाही झाला तर आणखी तिसरा."

"असे किती बदलले?"

"सत्तेचाळीस."

"आणि सत्तेचाळिसावा?"

"जंतू मेले!" त्या म्हणाल्या, आणि क्षणभर त्यांचा चेहरा असा झाला की वसंताने भिकाजीला निरोप दिला तेव्हा त्याचा कसा झाला असेल ते मला दिसलं. "काचेत मेले. मग उंदरांना दिलं. त्यांचीही आव गेली. पण मग उंदीर झोपेनात. खाणं नाही, झोप नाही, पिंजऱ्यात नुसती धावपळ. डॉक्टर म्हणाले, मिस्टर, तुमच्या संयुक्ताने उंदीर चळवळे झाले."

"म्हणजे औषध नाही झालं."

"अजून नाही," कुसुमताई म्हणाल्या. "वसंतराव म्हणाले होते, सोमवारी कोपऱ्यावरच्याला पुन्हा हलवून बघू. त्याच सोमवारी ते आले नाहीत."

जेवणाच्या सुट्टीत त्यांनी डबा उघडला आणि अर्धा माझ्यापुढे केला. खरपूस भाजलेल्या चौकोनी वड्या होत्या. मी वर्ष होईपर्यंत मासे न खाण्याचं ठरवलं होतं, म्हणून आधी विचारून घेतलं. "कोबीचं भानोलं आहे," त्या म्हणाल्या. मी दोन वड्या खाल्ल्या आणि मुंबईच्या कोबीची मनापासून तारीफ केली. तिसऱ्या वडीत कोबीला शेपटी निघाली.

"कुसुमताई, ही कोलंबी आहे."

"आहेच की. कोलंबीशिवाय भानोलं कसं होईल?" आणि मग माझं तोंड पाहून त्यांच्या सारं लक्षात आलं. "अगबाई! तुम्ही… मी कोबीचंच म्हटलं हो, कारण आमच्याकडे कोलंबी धरलेलीच असते, सांगत नाहीत!" त्या अगदी रडकुंडीला आल्या. "वसंतरावांचंही असंच झालं होतं. त्यांनीही पहिल्यांदा कोबीची तारीफ केली."

"मग त्याने काय केलं?"

"उरलेलं संपवलं."

मीही संपवलं. व्रत मोडलंच होतं, त्यात अन्नाचा अपमान कशाला.

दुपारी डॉक्टर आले. उंच, विसराळू, खिशात तीन पेनं. त्यांनी माझा हात हातात घेतला आणि मग वसंताचं सामान माझ्यापुढे ठेवलं. एक एप्रन, चपला, कान तुटलेला कप. मी आईचं मागणं सांगितलं. ते फळीकडे गेले आणि शेवटची बाटली काढून माझ्या हातात दिली. बोटभर उंचीची बाटली, तळाशी थोडी पांढरी पूड.

"अवश्य. त्याचंच आहे ते," ते म्हणाले.

कुसुमताई मोरीपाशी पाठमोऱ्या उभ्या होत्या. धुतलेलंच भांडं त्या पुन्हा धूत होत्या. निरोप घ्यायला गेलो तेव्हाही त्यांनी भांडं खाली ठेवलं नाही.

चौकी

बाहेर पडलो तर ट्राम बंद. लालबागेच्या बाजूने मोर्चा येत होता आणि घोषणा त्याच्याही आधी येत होत्या. मी पिशवी छातीशी धरून कडेकडेने चालू लागलो. पिशवी छातीशी धरून कडेकडेने चालणारा माणूस पोलिसांना कसा दिसतो ते मी कोणत्याही पुस्तकात वाचलेलं नव्हतं. हवालदाराने मला बाजूला घेतलं आणि जवळच्या चौकीत नेऊन पिशवी उघडली. एप्रन, चपला, कप. मग बाटली. त्याने लेबल वाचलं, मग पुन्हा वाचलं.

"ह्या काय?"

बोली ऐकून मला बरं वाटलं. आमच्याच बाजूचा होता. "संयुक्त," मी म्हटलं.

"ता दिसता माका. बाटलेत काय हा?"

"संयुक्तच आहे."

"माझी मस्करी करतास?"

"नाही हो. खरंच संयुक्त आहे. सत्तेचाळिसावं."

तो सावध झाला. "आणि बाकीचे सेचाळीस बाटले खय हत?"

"प्रयोगशाळेत. फळीवर."

"म्हणजे कारखानोच हा!" त्याने दाराशी उभ्या असलेल्या शिपायाकडे पाहिलं. मी खरं बोलत होतो आणि दर वाक्याला जास्त अडकत होतो. शेवटी मी प्रयोगशाळेचा पत्ता सांगितला आणि कुसुम विजयकर यांना विचारा म्हटलं. शिपाई गेला.

हवालदाराने बाटलीचं बूच काढलं, वास घेतला, पूड हलवून बघितली. मग टेबलावरचा पाण्याचा पेला जवळ ओढला. "बंदुकेची दारू असली तर पाण्यात कळतली," तो म्हणाला आणि बाटली पेल्यावर तिरकी धरली.

"नको!"

कुसुमताई दारात होत्या. एप्रनसह धावत आल्या होत्या, एका पायात चप्पल नव्हती. "हवालदारसाहेब, नका ओतू! तेवढंच आहे. पुन्हा करायचं तर वर्ष जाईल!"

हवालदाराचा हात थांबला. मी मात्र हवालदाराकडे बघत नव्हतो.

"वर्ष?" मी म्हटलं.

त्या खाली बघत म्हणाल्या, "पुढचं संयुक्त ह्याच्यातूनच करायचं असतं, अण्णा. कोपऱ्यावरचा बिऱ्हाडकरू हलवायचा तर आधी चाळ हवी ना. ह्याच्यामागे वसंतरावांच्या सहा पायऱ्या आहेत."

"मग दुपारीच का नाही सांगितलंत?"

"आईंनी मागितलंय म्हणालात. त्यापुढे मी काय बोलणार?"

हवालदाराने बूच लावलं. "चाळ खयची?" त्याने संशयाने विचारलं. तेव्हा कुसुमताईंनी त्याच्या डायरीच्या पाठीवर चार कड्या काढल्या आणि सगळं पहिल्यापासून सांगितलं. तो नायगावच्या चाळीत राहणारा, त्यामुळे त्याला माझ्यापेक्षा लवकर कळलं.

"म्हणजे चाळ तीच, भाडेकरू बदललो?"

"हो."

"आणि ह्या सत्तेचाळीसान काय बिघडवल्यान?"

"उंदरांची आव बरी झाली, पण ते चळवळे झाले."

"चळवळ?" हवालदाराने पेन्सिल उचलली.

"झोप येत नाही त्यांना," मी घाईघाईने म्हटलं.

त्याने पेन्सिल ठेवली आणि पहिल्यांदाच माझ्याकडे नीट पाहिलं. "तुमचा गाव खयचा?"

मी सांगितलं. त्याचा चेहरा हळूहळू बदलला.

"खाडीवरचा? जेनी आदीच पेढे वाटल्यानी, तो?"

मी मान खाली घातली.

"अरे माझी सासुरवाडी तुमच्या पलीकडच्या काठार! मेव्हण्यान दोन पेढे खाल्ल्यान आनि माका ह्या चौकेत येवन सांगल्यान, संयुक्त झाला म्हणान!" हसता हसता त्याने टेबलावर हात आपटला. "साहेबाक मी सांगाक जाय होतंय, तेवढ्यात पेपर इलो. नोकरी वाचली माझी." मग एकदम तो हसायचा थांबला. "म्हणजे तो निरोप धाडणारो… तो तुमचो भाव?"

"हो. मागच्या महिन्यात वारला."

त्याने बाटली दोन्ही हातांनी उचलून माझ्यापुढे धरली. "घेवा," तो म्हणाला.

बाटली हातात घेऊन मी बाहेर आलो. मोर्चा पुढे गेला होता. रस्त्यावर कुणाची तरी टोपी पडली होती. कुसुमताई एक पाय उचलून उभ्या होत्या, कारण तापलेला रस्ता त्यांना भाजत होता. आईला मी हो म्हटलं होतं. आई म्हणाली होती, थोडं आण. पण ह्यात 'थोडं' नव्हतं. होतं तेच थोडं होतं.

मी बाटली त्यांच्या हातात दिली आणि पिशवीतून वसंताच्या चपला काढून त्यांच्यापुढे ठेवल्या. "निदान प्रयोगशाळेपर्यंत," मी म्हटलं. त्यांना त्या फार मोठ्या होत्या. फटक फटक आवाज करत आम्ही परत गेलो. तिथे त्यांनी पूड दुसऱ्या बाटलीत काढली, अगदी भिंतीला चिकटलेलीसुद्धा, पहिली बाटली धुतली, पण लेबलाला पाणी लागू दिलं नाही. ती कोरडी करून त्यांनी माझ्याकडे दिली.

"अक्षर त्यांचं आहे," त्या म्हणाल्या. "हे आईंना द्या."

घरी

बोटीवर मी आईला काय सांगायचं ते पुष्कळ जुळवलं. घरी पोचलो तेव्हा त्यातलं काही आठवलं नाही. मी बाटली तिच्या हातात दिली. तिने ती उजेडात धरली.

"रिकामी?"

"हो. ते तिथेच ठेवावं लागलं. पुढचं त्याच्यातूनच करायचं असतं."

आईने बाटली खाली ठेवली. "म्हणजे विरजणाला ठेवलंस," ती म्हणाली.

"हो."

"मग बरोबर केलंस. विरजण कोणी गावाला उचलून नेतं का?"

मग तिने दुसरा प्रश्न विचारला, औषध झालं का? मी तिला परळचं सगळं सांगितलं, उंदरांचंही. ती हसली, आणि मग डोळ्यांना पदर लावला. "लहानपणी तोही असाच," ती म्हणाली. "आव थांबायची आणि हा झोपायचा नाही. विचारत बसायचा."

रात्रीचं जेवण वाढताना तिने विचारलं, "मुलगी कशी आहे?"

"कुठली?"

"ताकात का पाण्यात विचारणारी."

"चांगली आहे," मी म्हटलं. "रसायनवाली आहे." दुसऱ्या दिवशी आईने सालीचं नवं पोतं भरायला घेतलं.

त्यानंतर महाराष्ट्र खरोखरच झाला. भिकाजी धक्क्यावरून ओरडत आला, "संयुक्त झाला!" पोस्टमास्तरांनी त्याला दारातच अडवलं आणि विचारलं, "कुठलं?" वर्तमानपत्र येऊन हेडमास्तरांनी ते दोनदा वाचेपर्यंत वाण्याने साखर बाहेर काढली नाही. पेढे झाले, पण साऱ्या मुलखाच्या मागून झाले. त्या वेळी आईने एक खाल्ला.

परळहून भिकाजीबरोबर अधूनमधून निरोप येतो. संयुक्त अठ्ठेचाळीस झालं. उंदीर गाढ झोपतात, पण आव जात नाही. आता कुसुमताई एकोणपन्नासाच्या मागे आहेत. आईचं पोतं दर वर्षी पहिल्या बोटीने जातं.

बाटली स्वयंपाकघरातल्या फळीवर आहे. लेबलावर वसंताच्या अक्षरात 'संयुक्त ४७' लिहिलेलं आहे. आई तीत कुड्याची पूड ठेवते.